रोज पहाटे साडेपाचला बसणारं लॉगिन

पहिल्या नोकरीतला दुसरा महिना होता. नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका संत्रा अडत्याचं बिलिंग आमच्याकडे होतं, लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं. ते सर्व्हरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. आंबिया बहार ऐन भरात. पहाटे गाड्या लागतात, मग लिलाव, आणि त्याआधी मुनीमजींना लॉगिन करून आदल्या दिवशीची येणी काढायची असतात. तिसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला. "मॅडम, लॉगिन नाही होऊन राहिलं."

तो फोन पुढे किती दिवस वाजला, आणि फाइलच्या मालकीशी त्याचा काय संबंध होता, ते सांगते. त्याआधी एक धरून चालते: तुम्हाला एलएस, सीडी, सुडो येतं, वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १ हे पाठ आहे, आणि एनजिनएक्सच्या मागे पीएचपी-एफपीएम चालतं हे ऐकून माहीत आहे. मलाही तेवढंच येत होतं, आणि तेवढंच येणं धोक्याचं असतं.

आपल्याकडे बहुतेक जण पीएचपी झॅम्पवर शिकतात. विंडोजचा लॅपटॉप, एचटीडॉक्समध्ये फोल्डर टाकलं की पान उघडतं. फाइल कोणाची हा प्रश्नच तिथे कधी येत नाही. तीन वर्षं कॉलेज, सहा महिने क्लास, आणि मालक नावाची गोष्ट पहिल्यांदा भेटते ती थेट गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर. क्लासवाल्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. हजारो रुपये घेतात आणि लिनक्सवर एकदा साइट चढवून दाखवत नाहीत.

तर फोन आला त्या पहिल्या दिवशी मी सिनियरला विचारलं. तो आयटी पार्कच्या रस्त्यावर ठेल्यावर तर्री पोहे खात उभा होता. त्याने फोनवरच सांगितलं, "स्टोरेजला ७७७ मार ना, काय डोकं लावून राहिली." मी सीएचमॉड -आर ७७७ मारलं, म्हणजे स्टोरेज फोल्डरातलं सगळं सगळ्यांना मोकळं. लॉगिन सुरू. मुनीमजी खूश, मी खूश, सिनियरचे पोहे थंड झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन. पुन्हा ७७७, पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशीही तेच. आईला वाटलं पोरगी पहाटे उठून अभ्यास करायला लागली. चौथ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते: दर दहा मिनिटांनी ७७७ मारणारी ओळ मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या यादीत, टाकून दिली. फोन थांबले, आणि दोन आठवडे मला वाटलं आपण प्रश्न सोडवला. सिनियरने "स्मार्ट आहे बे" म्हटलं, ते तर डोक्यातच गेलं.

मग एक दिवस माल जास्त आला, मुनीमजी लवकर आले आणि फोन आला ५:३२ ला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हे रोज एकाच वेळी का बिघडतं. कोणी विचारेल, हा प्रश्न पहिल्याच दिवशी का नाही पडला? कारण ७७७ ने उत्तर मिळत होतं. शॉर्टकटवर माझा आक्षेप असुरक्षितपणाचा नंतर येतो. आधी हा, की तो प्रश्न विचारूच देत नाही.

लारावेलच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, काहीच नव्हतं. आदल्या दिवशीची फाइल शेवटच्या ओळीपर्यंत नीट, आजच्या फाइलमध्ये लॉगिनच्या चुकीचा मागमूस नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथे मी दोन तास घालवले. लॉगिन केलं की आमचा कोड लॉगमध्ये एक ओळ लिहायचा. लिहिता आलं नाही की चूक, ती चूक नोंदवायला लारावेल पुन्हा त्याच लॉगकडे जाणार, तिथे पुन्हा लिहिता येणार नाही. म्हणजे लॉगच बिघडला असेल तर लॉग तुम्हाला ते सांगू शकत नाही. होमपेज मात्र छान उघडतं, कारण ते लॉगला हातच लावत नाही. खरी ओळ होती एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये, व्हार-लॉगखाली: अमुक फाइल जोडून लिहिण्यासाठी उघडता आली नाही, परमिशन डिनाइड. ब्राउझरमध्ये ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, दिसलं की आधी तिकडे जायचं.

दुसऱ्या पहाटे मी ५:२५ ला स्वेटर घालून बसले. लॉगच्या फोल्डरात एलएस -एल. आजच्या तारखेची फाइल नाही. ५:३१ ला पुन्हा एलएस -एल. फाइल होती. परमिशन ६४४, मालक रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर, ग्रुप रूट, वेळ ००:००.

००:०० बघून मी पहिले सिनियरवर संशय घेतला. रात्री बाराला सर्व्हरवर कोण बसलं होतं? त्याला विचारलंही. "बाराला मी झोपून राहतो बाई," तो म्हणाला. मग डेट टाकून बघितलं तर सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. यूटीसीचे रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. लारावेलचा टाइमझोनही मुळात यूटीसीच असतो, आणि आम्ही रोजचा वेगळा लॉग ठेवला होता. म्हणजे साडेपाचला तारीख बदलायची आणि नवी फाइल जन्माला यायची. ती रूटच्या नावाने का जन्मायची? कारण दर मिनिटाला लारावेलचं शेड्यूल, म्हणजे त्याची ठरलेली कामं, चालवणारी ओळ मी सुडो लावून क्रॉनटॅबमध्ये टाकली होती. सुडोने उघडलेलं क्रॉनटॅब रूटचं असतं. तारीख बदलल्याबरोबर पहिली ओळ लिहायला पोचायचा तो क्रॉन. तो रूट मीच होते.

आता जरा घोळून सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

फाइल ज्या फोल्डरात असते त्याच्या मालकाची होत नाही. जो प्रोसेस ती बनवतो त्याची होते. रूटने बनवली तर रूटची, मग फोल्डर कोणाचंही असो. ती किती उघडी असेल हे ठरवतो उमास्क. तो साधारण ०२२ असतो, म्हणून नवी फाइल ६४४ आणि नवं फोल्डर ७५५. ६४४ म्हणजे मालक लिहील, बाकीचे फक्त वाचतील. आमचं पीएचपी-एफपीएम चालायचं ट्रिपल-डब्ल्यू-डेटा या युजरने. उबंटू-डेबियनवर मुळात तोच असतो. तो "बाकीच्यां"त पडला. आणि फोल्डरवरच्या ७७७ चा अर्थ एवढाच, की त्यात कोणीही नवी फाइल बनवेल, असलेली उडवेल. आधीपासून असलेल्या फाइलच्या आत लिहायचं की नाही, हे त्या फाइलची परमिशन ठरवते. म्हणून आज मारलेलं ७७७ आजच्या फाइलला लागायचं, आणि उद्याची फाइल पुन्हा ६४४, पुन्हा रूट. मी रोज मेलेल्या फाइलला औषध देत होते.

हे एकदा डोक्यात बसलं की इलाज पाच मिनिटांचा. शेड्यूलची ओळ रूटच्या क्रॉनटॅबमधून काढली आणि ट्रिपल-डब्ल्यू-डेटाच्या क्रॉनटॅबमध्ये टाकली. क्रॉनटॅबला -यू लावून युजरचं नाव दिलं की झालं. सीएचओनने स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपमधलं कॅश हे दोन त्याच्या नावावर केले. फोल्डर ७७५, फाइली ६६४. ७७७ ची ती लाजिरवाणी ओळ उडवली. क्यू वर्कर, म्हणजे मागे रांगेतली कामं उरकणारा प्रोसेस, सुपरवायझर या राखणदार प्रोग्रामखाली होता, त्यात युजरची ओळच नव्हती, म्हणजे तोही रूटने चालत होता, ती टाकली. आणि नियम केला: आर्टिसन, म्हणजे लारावेलची कमांड, सुडोने कधीच चालवायचं नाही. चालवायचंच असेल तर सुडो -यू लावून त्या युजरच्या नावाने. एकदा रूटने कॅश बनवलं की तीच गंमत परत, फक्त या वेळी साडेपाचची वाट न बघता.

डिप्लॉय करणारा युजर वेगळा असेल, आणि असावाच, तर त्याला ट्रिपल-डब्ल्यू-डेटाच्या ग्रुपात घाला आणि स्टोरेजच्या फोल्डरांना सेटजीआयडी लावा, म्हणजे ७७५ ऐवजी २७७५. मग आत बनणाऱ्या नव्या फाइलचा ग्रुप फोल्डरचाच राहतो. फक्त उमास्क ०२२ राहिला तर ग्रुपला लिहिता येणारच नाही, तो ००२ करा. ग्रुपात घालताना युजरमॉडला -ए आणि -जी दोन्ही द्या, जी मोठ्या लिपीतला. -ए विसरलात तर तो युजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोमधूनही, आणि मग स्वतःच्याच सर्व्हरवर पाहुणा होतो. ग्रुप बदलला की लॉगआउट करून पुन्हा या. "ग्रुपात घातलं तरी चालत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे जण नुसते लॉगआउट करायचे विसरलेले असतात.

७७७ वर अजून एक. आमच्या त्या सर्व्हरवर आणखी दोन गिऱ्हाइकांच्या साइट होत्या, त्यातली एक जुनाट वर्डप्रेस. तिला भोक पडलं असतं तर अडत्याच्या स्टोरेजमध्ये कोणीही काहीही लिहिलं असतं. आणि नुसतं ७७७ काढून हा धोका जात नाही, कारण सगळ्या साइट एकाच युजरने चालत असतील तर परमिशनला काही अर्थच उरत नाही. प्रत्येक साइटला एफपीएमचा वेगळा पूल, म्हणजे प्रोसेसांचा वेगळा गट, आणि वेगळा युजर. अवघड वाटतं, पण पूलची फाइल कॉपी करायची, नाव, युजर आणि सॉकेट (एनजिनएक्स ज्यातून एफपीएमशी बोलतो ते) बदलायचं, एवढंच आहे. घाबरू नका. सॉकेटचा मालक आणि ग्रुप एनजिनएक्सला उघडता येईल असा ठेवा, नाहीतर ५०२ येईल, आणि एरर लॉगमध्ये १३ नंबरची परमिशन डिनाइड दिसेल.

डॉक्युमेंट रूट, म्हणजे साइट ब्राउझरला जिथून दिसते ती जागा, पब्लिक फोल्डरावर असू द्या, अख्ख्या प्रोजेक्टवर नाही. प्रोजेक्टवर दिलं तर डॉट-ईएनव्ही फाइल ब्राउझरमध्ये उघडू शकते, पासवर्डसकट. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी ओळही एनजिनएक्समध्ये टाका.

४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येत असेल आणि फाइलची परमिशन बरोबर दिसत असेल, तर वरची फोल्डरं बघा. माजघरात जायचं तर आधी दिंडी दरवाजातून जावं लागतं, तसं सगळ्यात वरच्या फोल्डरापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरावर त्या युजरला चालवण्याचा, म्हणजे १ चा हक्क लागतो. उबंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० ने बनतं, आधी ७५५ असायचं. जुना व्हिडिओ बघून होममध्ये साइट ठेवली की हमखास इथे अडकता. नेमआय -एल आणि पूर्ण पाथ टाका, सगळे दरवाजे एकाखाली एक दिसतात. माझ्या मते साइट होममध्ये ठेवूच नये, व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूखाली ठेवावी. आणि होमला ७७७ तर चुकूनही मारू नका. एसएसएच मुळात असं मोकाट होम दिसलं की की-फाइल मानतच नाही, आणि तुम्ही बाहेर. मी बाहेर राहिले आहे एक शनिवार, होस्टिंगच्या वेब कन्सोलवरून परत आत शिरेपर्यंत.

रॉकी किंवा अल्मालिनक्स असेल तर वरचं सगळं बरोबर असूनही नाही म्हणेल. तिथे एसईलिनक्स आहे, परमिशनच्या वरचा आणखी एक पहारेकरी. तो बंद करायचा सल्ला देणाऱ्यापासून जरा लांब राहा. एलएस -झेड टाकून लेबल बघा. मोठी फाइल अपलोड करताना ४१३ आला तर तो परमिशनचा नव्हे, एनजिनएक्सची मुळातली मर्यादा १ एमबी आहे. पीएचपीची २ एमबी. आणि पीएचपी.आयएनआय दोन असतात, एक कमांड लाइनची, एक एफपीएमची. चुकीची बदलून तास घालवू नका.

सिनियरबद्दल. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, आणि ७७७ ने त्याचं आजवर कधी अडलं नव्हतं. पण आज्ञा सांगणाऱ्याला "का" विचारा. "का" सांगता येत नसेल तर ती आज्ञा टेस्ट सर्व्हरवरच चालवा. मला नंतर भेटलेल्या एका मॅडमनी एकच सवय लावली: शंका आली की त्या युजरच्या चपलेत पाय घालून बघ. सुडो -यू ट्रिपल-डब्ल्यू-डेटा, पुढे कॅट आणि फाइलचं नाव. वाचता आली तर परमिशन नाही, दुसरं काहीतरी आहे. लिहायचं तपासायचं असेल तर कॅटऐवजी टेस्ट -डब्ल्यू. दहा अंदाजांपेक्षा हे लवकर होतं.

दुसऱ्याने चढवलेला सर्व्हर हातात आला की मी आता पहिल्याच दिवशी स्टोरेज आणि बूटस्ट्रॅप-कॅशमध्ये फाइंड -युजर रूट चालवते. काही निघालं तर सीएचओन मारत नाही, आधी सुडो क्रॉनटॅब -एल, मग सुपरवायझरच्या फाइली, मग हिस्ट्रीत सुडोने चालवलेलं आर्टिसन. व्हेंडर फोल्डर, म्हणजे बाहेरून आणलेला कोड, रूटचं दिसलं तर सोडून देते, ते फक्त वाचायचंच असतं. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने असंच फाइंड चालवलं, सव्वीस फाइली निघाल्या, आणि ती सगळ्या एकदम बदलायला निघाली. मी म्हटलं थांब, आधी तारखा बघ. सगळ्यांची वेळ ००:०० होती.