लँडफिलचा काळा कागद: लायनरच्या कामावर नव्यानं येणाऱ्यांसाठी

आमच्या सांगोल्याकडं कुणाला 'जिओमेंब्रेन' म्हणा, तोंडाकडं बघत राहील. 'शेततळ्याचा कागद' म्हणा, लगेच मायक्रॉन, भाव आणि कुणाच्या तळ्याला उंदरानं भोक पाडलं तेही सांगेल. डाळिंबाच्या पट्ट्यात ५०० मायक्रॉनचा कागद पोराटोरांना माहीत असतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी घातक कचऱ्याच्या लँडफिलवर, म्हणजे कचरा पुरायच्या जागेवर, लायनरच्या (गळती अडवणाऱ्या अस्तराच्या) कामाला लागलो तेव्हा मलाही वाटलं होतं, तोच कागद, जरा जाड एवढंच. पहिला रोल ट्रेलरवरून उतरताना बघितला आणि गप्प झालो. १.५ मिमी जाडी, ७ मीटर रुंदी, लांबी दीडशे मीटरच्या आसपास, वजन जवळजवळ दीड टन. एक्सकॅव्हेटरला आडवा बार लावल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

खरा फरक वजनाचा नाहीच. शेततळं गळालं तर मालकाला महिन्याभरात कळतं, पाणी उतरलेलं डोळ्यांना दिसतं. लँडफिल खालून गळालं तर कळतं तेव्हा शेजारच्या गावच्या विहिरीला वास यायला लागलेला असतो, आणि तोवर वर दहा-पंधरा मीटर कचरा चढलेला असतो. तो उपसून भोक कोण शोधणार?

म्हणून एकट्या कागदावर कुणी भरवसा ठेवत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत साध्या शहरी कचऱ्याच्या लँडफिललासुद्धा १.५ मिमी एचडीपीई (ताठ, घट्ट प्लास्टिकची) शीट आणि तिच्याखाली ९० सेंमी दाबलेली चिकणमाती सांगितली होती. त्या मातीतून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त वेगानं झिरपता कामा नये. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर. घातक कचऱ्यासाठी बऱ्याच ठिकाणी असे दोन संच एकावर एक असतात आणि मध्ये गळती पकडणारा थर. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी या बाजूला अशा कचऱ्याची केंद्रं आहेत. महाराष्ट्रात हे काम शिकायला मिळण्याची शक्यता तिथंच जास्त.

शीट आणि माती एकमेकींना चिकटून असल्या तरच या दोन थरांना अर्थ आहे. शीटला बारीक भोक पडलं तरी खाली लगेच माती भेटली तर गळती थेंबाथेंबावर थांबते. पण भोक नेमकं फुगवट्यावर असेल, तर त्या पोकळीतून लीचेट, म्हणजे कचऱ्याचं काळं पाणी, मीटरच्या मीटर धावतं. आम्ही साइटवर या फुगवट्याला 'वेव्ह' म्हणतो. नवीन पोराला वेव्ह म्हणजे दिसायला वाईट एवढंच वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

वेव्ह येते उन्हामुळं, आणि इथून या धंद्याचं घड्याळ सुरू होतं. काळी शीट एप्रिलच्या दुपारी सत्तर अंशांच्या वर जाते, हात टेकवत नाही. शंभर मीटर लांब शीट पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापली तर साठ ते ऐंशी सेंटिमीटर वाढते. ती वाढ जाणार कुठं? वर उठते. बरं, म्हणून दुपारी ताणून सपाट करावी, तर रात्री आक्रसते आणि उताराच्या पायथ्याशी, ज्याला टो म्हणतात, तिथं जमिनीपासून सुटून अधांतरी राहते. तिच्यावर खडी पडली की ताण जोडावर. त्यामुळं अंथरताना थोडी ढील ठेवायची आणि वर माती-खडी टाकायचं काम शीट थंड असताना करायचं. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, पहाटे चारला चहा ठेवायला लावायचे. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाले, "इंजिनियर, झोप काय दुपारी बी येते. शीट दुपारी झोपत न्हाई."

जोडाचं सांगतो. मुख्य जोड वेज मशीननं होतो. दोन शीट दहा-बारा सेंटिमीटर एकमेकींवर घ्यायच्या, मधून साडेतीनशे-चारशे अंशांची तापलेली पाचर सरकते, मागून रोलर दाबतात. दोन समांतर पट्टे चिकटतात आणि मध्ये पेन्सिलीएवढी पोकळी राहते. ही पोकळी मुद्दाम ठेवलेली असते, हवेच्या चाचणीसाठी. मशीन चालवायला आठ दिवसांत येतं, खोटं नाही. मशीनच्या पुढं फडकं घेऊन चालणारा माणूस मात्र नीट निवडावा. धूळ, दव, घामाचा थेंब, काहीही पाचरेखाली गेलं की जोड वरून सुंदर आणि आतून कच्चा. मला पहिला महिनाभर मामांनी फडकंच दिलं होतं. डिप्लोमावाल्याला फडकं! राग आला होता. आज माझ्या हाताखाली कुणी येतो तेव्हा मीही तेच देतो.

रोज सकाळी, दुपारी पुन्हा सुरू करताना, मशीन किंवा चालवणारा बदलला तर, आणि वीज गेली-आली तर, आधी तुकड्यावर ट्रायल वेल्ड करायचा. त्याच्या इंचभर रुंद पट्ट्या कापून साइटवरच्या टेन्सोमीटरमध्ये ओढायच्या. १.५ मिमीच्या साध्या शीटला सोलून बघताना, म्हणजे पील चाचणीत, २५ मिमी रुंदीला साधारण ३९८ न्यूटन आणि शिअरमध्ये, म्हणजे दोन शीट विरुद्ध दिशांना सरळ ओढताना, ५२५ न्यूटन ताकद लागते. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुटतं कुठं. जोड सुटता कामा नये, जोडाशेजारची शीट फाटली पाहिजे. पापडाचे दोन पदर सुटावेत तसे पदर सुटले, की आकडा कितीही चांगला असो, नापास.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, दुपारी जनरेटरचं डिझेल संपलं. वीस मिनिटांनी सुरू झाला. पाऊस नव्हता, माणूस तोच, मशीन तेच. ट्रायल न करता आम्ही पुढं निघालो, आणि रजिस्टरमध्ये मी सकाळचेच आकडे थोडे इकडंतिकडं करून लिहून टाकले. चौथ्या दिवशी त्या जोडातून तोडून घेतलेला नमुना फेल गेला. दर दीडशे मीटरला असा एक नमुना कापायचा असतो. मग दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरवर पुन्हा कापा, पुन्हा ओढा, जोड चांगला लागेपर्यंत मागं जात राहा. जनरेटर सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलेलं होतं, लांब केबलनं आणखी खाल्लं होतं, आणि पाचर हवी तेवढी तापलीच नव्हती. सत्तर मीटर जोडावर कॅप स्ट्रिप, म्हणजे वरून नवी पट्टी, मारावी लागली. थर्ड पार्टीच्या, म्हणजे बाहेरून तपासायला येणाऱ्या, मॅडमनी माझं रजिस्टर आणि जनरेटरची नोंदवही शेजारी-शेजारी ठेवली आणि फक्त विचारलं, "साडेतीनला ट्रायल केली म्हणताय, तेव्हा जनरेटर बंद होता ना?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मशीनच्या डिस्प्लेवर तापमान बरोबर दिसतं म्हणून जोड बरोबर असतो, हा समज त्या दिवशी गेला.

हवेची चाचणी दिसायला सोपी. जोडाची दोन्ही टोकं बंद करायची, एका टोकाला सुई खुपसून मधल्या पोकळीत साधारण ३० पीएसआय हवा भरायची आणि पाच मिनिटं काटा बघायचा. जास्तीत जास्त तीनेक पीएसआयनं उतरला तर चालतं. नवखे इथंच टिक मारून मोकळे होतात. पुढची पायरी त्याहून मोलाची: पाच मिनिटं झाली की सुईच्या विरुद्ध टोकाला ब्लेडनं काप द्या आणि कान लावा. फुस्स आवाज येऊन काटा शून्यावर आला तरच पूर्ण लांबी तपासली गेली. आवाज आला नाही, तर पोकळी मध्येच कुठं तरी बुजलेली आहे आणि तुम्ही शंभर मीटरऐवजी चाळीसच मीटर तपासलेत.

पाइपाचे बूट (पाइपाभोवती बसवायचे शीटचे तुकडे), कोपरे, पॅच यांना वेज मशीन पोचत नाही, तिथं एक्स्ट्रूडर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारं हातमशीन. आधी ग्राइंडरनं वरचा ऑक्सिडेशनचा थर काढायचा (जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही) आणि घासल्यावर तासाभरात वेल्ड मारायचा. पॅचचे कोपरे गोल कापा, भोकाच्या चहूबाजूंनी पंधरा सेंटिमीटर जादा. तपासणी साबणाचं पाणी आणि काचेच्या व्हॅक्यूम बॉक्सनं. बुडबुडा दिसला की पुन्हा ग्राइंडर.

उतारावर जोड वरून खाली घ्यायचा, आडवा कधीच नाही. हे ड्रॉइंगमध्ये असतंच, पण उरलेले तुकडे खपवायचा मोह साइटवर फार असतो. गुळगुळीत शीट कुठं आणि खरखरीत कुठं हेही स्वतः बघा. १९८८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्सच्या लँडफिलमध्ये कचऱ्याचा अख्खा डोंगर लायनरच्या थरांवरून घसरला होता. गुळगुळीत एचडीपीई आणि तिच्याखालची ओली माती यांच्यातलं घर्षण फारच कमी पडलं होतं.

वाऱ्याबद्दल एकच सांगतो, पण लक्षात ठेवा. ३० मीटरचा एक पॅनल म्हणजे दोनशे चौरस मीटरचं शीड. वारा खाली घुसला की हातातली कड सोडून द्यायची. धरून ठेवायची नाही. शीट फाटली तर दुसरी येते. वाळूची पोती आधी, रोल नंतर.

आणि आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडतो ते. आम्ही इतकं जिवापाड जोडलेल्या शीटला बहुतेक भोकं आम्ही गेल्यावर पडतात, वर खडी-मुरूम टाकताना. तो दुसऱ्या ठेकेदाराचा डंपर, दुसऱ्याचा ऑपरेटर, खेप मोजून पैसे. हलक्या डोझरखालीसुद्धा तीस सेंटिमीटर थर हवा, भरल्या डंपरखाली तर नव्वद. टोकदार दगड निघाला की जिओटेक्स्टाइल, म्हणजे शीटवरचं संरक्षक जाड कापड, काही तुम्हाला वाचवत नाही. त्यामुळं जोडणीचं काम संपलं म्हणून गावाला निघू नका. निविदेत असेल तर विद्युत गळती-चाचणी होते. पाण्याच्या किंवा खडीच्या थरात करंट सोडून तो कुठून जमिनीत उतरतो ते बघायचं, की बारीक भोकही सापडतं. नसेल तर तुमचे डोळे आणि ऑपरेटरशी तुमची ओळख, एवढंच. मामा रोज दोन डंपरवाल्यांना आपल्या डब्यातलं खायला घालायचे. मला ते राजकारण वाटायचं.

हे सगळं तळाचं झालं. जुन्या डंपिंगवर वरून झाकण घालायचं काम वेगळं. बोरिवलीजवळचं गोराईचं डंपिंग १९७२ पासून चालू होतं, २००७ मध्ये बंद करून शास्त्रीय पद्धतीनं झाकलं गेलं. अशा ठिकाणी खालचा कचरा वर्षानुवर्षं खचत राहतो, गॅस वर येतो. ताठ एचडीपीईपेक्षा लवचिक एलएलडीपीई तिथं बरी पडते, आणि गॅसला वाट ठेवली नाही तर शीट फुग्यासारखी उठते. २०२५ च्या जुलैत केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले, त्यामुळं या बाजूचं काम वाढेल असा माझा अंदाज आहे.

शिक्षण काय हवं, हा प्रश्न हमखास येतो. सिव्हिल डिप्लोमा चालतो. प्लास्टिकची समज हवी असेल तर सिपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला आणि चंद्रपूरलाही. घाटकोपरच्या बीटीआरए या कापड-संशोधन संस्थेत जिओसिंथेटिक्सची (असल्या शीट-कापडांची) चाचणी प्रयोगशाळा आहे; नमुने घेऊन जायची संधी मिळाली तर चहा पिऊन परत येऊ नका, चाचणी होताना उभे राहून बघा. शेततळ्याचा कागद मारलेली पोरं आमच्याकडं लवकर तयार होतात. फक्त त्यांची 'चालतंय की' ही सवय जायला एक हंगाम लागतो.

पहिल्या दिवशी येताना पांढरा पेंट मार्कर (काळ्यावर दुसरं काही दिसत नाही), आकडीवाल्या पात्याचा कटर, गुडघ्याला पॅड, सपाट तळव्याचे बूट, आणि जुन्या सुती कापडाची फडकी आणा. फडकी भरपूर आणा. साइटवर मिळणारी तेलकट असतात.