सीमेपलीकडचे भाडे स्वतंत्र एक्स्पेडाइट चालकाला परवडते का?

अमेरिकेत कार्गो व्हॅन किंवा स्ट्रेट ट्रक (मालपेटी आणि केबिन एकाच सांगाड्यावर असलेला ट्रक) घेऊन एक्स्पेडाइट, म्हणजे तातडीच्या, वाहतुकीत उतरू पाहणारी जी मराठी मंडळी भेटतात, त्यांच्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांत कॅनडाच्या भाड्यांचा प्रश्न हमखास असतो. त्या भाड्यांचा मैलामागचा दर देशांतर्गत भाड्यांपेक्षा चढा दिसतो, आणि डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्याला तर नदीच्या काठी उभे राहिले की कॅनडा डोळ्यांसमोरच असतो. मी मिशिगनमध्ये राहून आधी व्हॅन आणि पुढे स्ट्रेट ट्रक चालवला, त्यामुळे माझे म्हणणे मिशिगन, ओहायो, इंडियाना आणि पलीकडचे ऑन्टॅरिओ एवढ्या पट्ट्यापुरतेच धरावे. सीमेपलीकडचे भाडे परवडते की नाही, हे जातानाच्या दरावरून कळत नाही; परतीचे भाडे मिळते का आणि सीमेवरच्या पुलावर किती तास जातात, या दोन गोष्टी ते ठरवतात.

एक्स्पेडाइट म्हणजे एकच माल, एकच गाडी आणि मध्ये कुठेही न उतरवता थेट पोच. या पट्ट्यात अशा मालाचा मोठा भाग मोटार उद्योगाचा असतो. ऑन्टॅरिओतील विंडसर, वुडस्टॉक, केंब्रिज आणि ॲलिस्टन येथील मोटारींच्या कारखान्यांत सुट्या भागांचा साठा फार कमी ठेवतात, आणि पुरवठादाराकडे यंत्र बिघडले किंवा एखादी खेप गुणवत्तेच्या तपासणीत नापास झाली की काही तासांत जोडणीची लाइन थांबण्याची वेळ येते. चाकणच्या परिसरात सुट्या भागांच्या पुरवठ्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ही धावपळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लाइन थांबल्याचे नुकसान गाडीभाड्याच्या कितीतरी पट असल्यामुळे अशा वेळी कारखाना दरासाठी फार घासाघीस करत नाही. शिवाय सीमा ओलांडण्याची कागदोपत्री तयारी असलेले चालक कमी असतात, त्यामुळेही दर वर राहतो. हा वाढीव दर खरा असतो. मात्र त्यात कोणकोणता खर्च दडलेला आहे, ते तपासले पाहिजे.

सर्वांत मोठा खर्च कायद्याने निर्माण केलेला आहे. अमेरिकेतून माल घेऊन गेलेल्या चालकाला कॅनडातील एका गावाहून कॅनडातीलच दुसऱ्या गावी माल नेता येत नाही, आणि कॅनडाच्या चालकालाही अमेरिकेत तशीच मनाई आहे. या व्यवसायात याला कॅबोटाज म्हणतात. त्यामुळे टोरोंटोजवळच्या मिसिसॉगाला माल उतरवल्यावर तुमच्यापुढे दोनच मार्ग उरतात: कॅनडातून अमेरिकेत येणारे भाडे शोधणे किंवा रिकामी गाडी घेऊन परतणे. देशांतर्गत काम करताना लुईव्हिलला गाडी रिकामी झाली तर तिथून कोणत्याही दिशेचे भाडे चालते. टोरोंटोच्या आसपास मात्र तुमची बाजारपेठ एकाच दिशेची असते, आणि त्या दिशेच्या भाड्यांसाठी ऑन्टॅरिओतील चालकही रांगेत असतात. त्यांचे तर ते घरून निघण्याचे भाडे असते.

हिशेब मांडून पाहू. पुढील दर केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, व्हॅनसाठी टोलेडो ते मिसिसॉगा हे सुमारे २७५ मैलांचे भाडे मैलाला दीड डॉलर दराने मिळाले आणि सीमेचे म्हणून वर १०० डॉलर मिळाले, तर एकूण ५१२ डॉलर होतात. भरलेल्या मैलांवर भागले तर मैलाला १.८६ डॉलर पडतात, आणि नवा चालक हाच आकडा पाहून हरखतो. आता डेट्रॉइटपर्यंतचे सुमारे २१५ मैल रिकामे परतायचे असल्यास एकूण मैल ४९० होतात आणि दर १.०५ डॉलरवर येतो. त्याच्या शेजारी टोलेडो ते लुईव्हिल हे ३०० मैलांचे साधे भाडे १.१० डॉलरने ठेवा: मिळकत ३३० डॉलर, पुढच्या मालापर्यंत रिकामे ४० मैल, म्हणजे मैलाला सुमारे ९७ सेंट. मैलांच्या हिशेबात कॅनडा अजूनही थोडा पुढेच आहे. पण माल भरणे आणि पूल धरून कॅनडाच्या फेरीला अकरा तास लागले आणि लुईव्हिलच्या कामाला साडेसहा, तर तासाला अनुक्रमे ४७ आणि ५१ डॉलर पडतात, म्हणजे पारडे फिरते. त्याच फेरीत परतताना २५० डॉलरचे जेमतेम भाडे मिळाले आणि एकूण वेळ तेरा तासांवर गेला, तर तासाला ५९ डॉलर पडतात. इंधन आणि पुलाचा टोल यातून अजून वजा व्हायचा आहे. म्हणून माझा नियम असा, की कॅनडाचे भाडे स्वीकारण्यापूर्वी सिलेक्टससारख्या भाडी शोधण्याच्या ऑनलाइन बोर्डावर परतीच्या दिशेला त्या दिवशी काय दिसते आहे ते पाहायचे, आणि काही दिसत नसेल तर रिकाम्या परतीचे मैलही भाड्यात मागायचे. भाडे देणारा ब्रोकर, म्हणजे मध्यस्थ, नाही म्हणाला तर भाडे सोडून द्यावे. ते दुसरा कोणीतरी घेतो, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

कागदपत्रांचा भाग नव्या माणसाला घाबरवतो, पण तो शिकण्यासारखा आहे. अमेरिकेत येताना एसीई आणि कॅनडात जाताना एसीआय या प्रणालींत गाडी, चालक आणि मालाचा ई-मॅनिफेस्ट (इलेक्ट्रॉनिक तपशीलपत्रक) पोहोचण्याच्या किमान एक तास आधी भरावा लागतो. सीमाशुल्क खात्याकडून मालाची सुटका कस्टम्स ब्रोकर करतो, आणि तो भाडे देणाऱ्या ब्रोकरहून पूर्णपणे वेगळा असतो, हे पक्के लक्षात ठेवावे. तुमच्या मॅनिफेस्टची आणि त्याच्या नोंदीची गाठ घालून देणारा क्रमांक अमेरिकेच्या बाजूला पॅप्स आणि कॅनडाच्या बाजूला पार्स म्हणून ओळखला जातो. त्या क्रमांकाच्या सुरुवातीला वाहतूकदाराचा कोड असतो: अमेरिकेसाठी स्कॅक, आणि कॅनडासाठी तिथल्या सीमा सेवा संस्थेने दिलेला कॅरियर कोड. एखाद्या एक्स्पेडाइट कंपनीशी करार करून तिच्या नावावर गाडी चालवणाऱ्याला कंपनीचे कोड वापरता येतात आणि मॅनिफेस्टही बहुधा तिचे कार्यालयच भरते. स्वतःच्या एमसी नंबरावर, म्हणजे स्वतःच्या वाहतूक परवान्यावर, काम करणाऱ्याला हे सारे स्वतः उभे करावे लागते. नवख्याने सीमेची भाडी पहिल्यांदा कंपनीच्या नावावरच करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी भाड्यातला हिस्सा कापते हे खरे. पण रात्री दोन वाजता पार्स क्रमांक जुळत नसेल, तेव्हा फोन उचलणारा माणूस त्याच हिश्श्यातून मिळतो.

कॅनडाच्या बाजूला ऑक्टोबर २०२४ पासून कार्म नावाची आयातशुल्काची नवी प्रणाली लागू झाली आहे. आयातदाराने तिच्यात स्वतः नोंदणी करणे अपेक्षित आहे, आणि पूर्वीप्रमाणे कस्टम्स ब्रोकरच्या हमीवर माल सोडवून घेण्याची सोय आता राहिलेली नाही. मोठ्या कारखान्यांना याची अडचण नसते. एखादे यंत्र पहिल्यांदाच मागवणाऱ्या छोट्या कार्यशाळेचा माल असेल, तर मात्र निघण्यापूर्वी आयातदाराची नोंदणी आणि हमी पूर्ण आहे का, हे विचारून घ्यावे.

पुलावरचा वेळ हा या हिशेबातला सर्वांत बेभरवशाचा आकडा आहे. डेट्रॉइट आणि विंडसर यांना जोडणारा अँबेसेडर पूल १९२९ साली खुला झालेला, खासगी मालकीचा आहे. उत्तरेला पोर्ट ह्युरॉन आणि सार्निया यांच्यामधला ब्लू वॉटर पूल आहे, आणि बफेलोच्या बाजूला पीस ब्रिज आणि लुइस्टन-क्वीन्स्टनचा पूल आहेत. टोलेडोहून निघालेल्याला अँबेसेडर जवळ पडतो, पण फ्लिंट किंवा सॅगिनॉहून निघालेल्याने ब्लू वॉटरचाच विचार करावा, कारण तिथून ४०२ हा महामार्ग थेट ऑन्टॅरिओतल्या लंडनजवळ ४०१ ला मिळतो. पूल बदलायचा असेल, तर मॅनिफेस्टमधले प्रवेशाचे ठिकाणही बदलावे लागते आणि कस्टम्स ब्रोकरला कळवावे लागते. माल सुटण्यासाठी तयार असल्याचे कळल्याशिवाय पुलावर चढू नये. अलीकडच्या ट्रक स्टॉपवर थांबलेल्या गाडीला पर्याय असतात. पुलाच्या मध्यावर अडकलेल्या गाडीला नसतात. शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्या भाड्याबाबत तर कस्टम्स ब्रोकरचा रात्रपाळीचा फोन नंबर आधी मागावा. सीमेवर ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबावे लागल्यास तासाला किती डॉलर मिळतील, हे रेट कन्फर्मेशनवर, म्हणजे दर ठरल्याच्या कागदावर, लेखी असावे. तोंडी कबूल केलेला थांब्याचा मोबदला हाती पडणे अवघड असते.

सीमेवर जलद सुटकेसाठी आधीच तपासणी झालेल्या चालकाला मिळणाऱ्या फास्ट कार्डाविषयी गैरसमज फार आहेत. त्याचे शुल्क ५० डॉलर आणि मुदत पाच वर्षे असते, आणि माझ्या मते ते घ्यावेच. पण केवळ चालकाकडे कार्ड असून वेगळी मार्गिका मिळत नाही, त्यासाठी वाहतूकदार आणि आयातदार हेही मान्यताप्राप्त असावे लागतात.

गाडीच्या वजनाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण व्हॅन घेतानाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत मालासह कमाल वजन १०,००१ पौंडांखाली असलेल्या गाडीला, धोकादायक मालाचे फलक लावावे लागत नसतील तर, चालनाच्या तासांचे संघीय नियम आणि ईएलडी (ते तास आपोआप नोंदवणारे उपकरण) लागू होत नाहीत. कॅनडात हीच रेषा ४,५०० किलोंवर, म्हणजे सुमारे ९,९२० पौंडांवर आहे. नोंदणीत ९,९९० पौंड असलेली व्हॅन म्हणूनच अमेरिकेत नियमांतून सुटते आणि पूल ओलांडताच साधारण ३० किलोंनी नियमांत येते. ऑन्टॅरिओत तिला सीव्हीओआर ही व्यावसायिक वाहतूकदाराची नोंदणीही लागते. सीमेची भाडी करण्याचा विचार असेल, तर विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि नोंदणीचा कागद दोन्ही स्वतः वाचावेत. स्ट्रेट ट्रकवाल्याला दोन्हीकडचे नियम पाळायचे असतात: अमेरिकेत चौदा तासांच्या चौकटीत अकरा तास चालन, तर दक्षिण कॅनडात तेरा. कॅनडाची ही ढिलाई पाहून वेळापत्रक आखू नये, कारण परत येताच घड्याळ अमेरिकेच्या नियमाने मोजले जाते.

चालकाची स्वतःची पात्रता हा वेगळा विषय आहे. ग्रीन कार्डधारकाने भारतीय पारपत्र आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवावे. कॅनडात कायम वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला अमेरिकेत माल आणण्यासाठी व्हिसा लागतो, आणि तो वेळेत मिळेल हे गृहीत धरून गाडीचे कर्ज काढू नये. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला हा व्यवसाय स्वतः चालकाच्या आसनावर बसून करताच येत नाही. डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने मद्यपान करून गाडी चालवणे हा गंभीर गुन्हा मानल्यामुळे, अमेरिकेत किरकोळ समजून विसरलेली एकच शिक्षाही प्रवेश अडवू शकते. मिशिगन आणि ऑन्टॅरिओ दोन्हीकडे गांजा कायदेशीर असला, तरी तो सीमेपार नेणे गुन्हाच आहे. पिस्तूल किंवा मिरीचा फवारा गाडीत ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा.

मेक्सिकोच्या भाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. नाव मेक्सिकोचे असले, तरी अमेरिकी एक्स्पेडाइट चालकाचा प्रवास बहुधा टेक्सासच्या सीमेवरील लारेडो किंवा एल पासो येथील गोदामातच संपतो. पुढे पूल ओलांडण्याचे काम तिथले ट्रान्सफर ट्रकवाले करतात आणि पलीकडे मेक्सिकन वाहतूकदार माल घेतो. अमेरिकेतील विमा पलीकडे चालत नाही, त्यामुळे ही विभागणी आपल्याच सोयीची आहे. कागदपत्रांचा त्रास त्यामुळे कमी होतो. पण लारेडोत रिकाम्या व्हॅनची गर्दी इतकी असते, की उत्तरेकडच्या भाड्यांचे दर दबलेले राहतात. कॅनडासारखाच प्रश्न तिथे वेगळ्या कारणाने उभा राहतो.

या धंद्याचा भरवसा धोरणांवरही अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी अँबेसेडर पूल जवळजवळ आठवडाभर रोखून धरला, तेव्हा दोन्हीकडच्या कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या आणि वाहतूक सार्नियाकडे वळली. २०२५ मध्ये अमेरिकेने ३ एप्रिलपासून आयात मोटारींवर आणि ३ मेपासून सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले; यूएसएमसीए या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार कराराच्या अटींत बसणाऱ्या सुट्या भागांना तूर्त वगळले, आणि त्यामुळे मालासोबतच्या उत्पत्तीच्या कागदांना पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले. एकाच उद्योगावर आणि एकाच पुलावर सगळी मिळकत टांगून ठेवणे म्हणूनच मला पटत नाही. माझ्याकडे सीमेची भाडी हा कामाचा एक भाग आहे. वैद्यकीय उपकरणे आणि प्रदर्शनांचे सामान अशी देशांतर्गत कामे मी सोडलेली नाहीत.

पैसे वसूल होण्याची बाजूही पाहून ठेवावी. अमेरिकेत नोंदणी असलेल्या ब्रोकरला ७५,००० डॉलरचा बाँड (हमी) ठेवावा लागतो आणि पैसे बुडाल्यास त्यावर दावा करता येतो. पलीकडच्या ब्रोकरकडून थेट भाडे घेताना त्याची अमेरिकी नोंदणी आहे का ते तपासावे, आणि दर अमेरिकी डॉलरमध्ये आहे की कॅनडाच्या, हे रेट कन्फर्मेशनवर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी ते लिहून मागावे.