जेलचा अभ्यास करायचाय? आधी कोर्टाच्या व्हरांड्यात बसा

समाजशास्त्रात गुन्हा, शिक्षा, तुरुंग सुधारणा असा विषय घेतला की ज्युनिअर मुलं पहिलं हेच विचारतात, जेलमध्ये जायची परवानगी कशी काढायची. अर्ज पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जातो, कॉलेजचं पत्र, गाईडची सही, प्रश्नावली सगळं जोडायचं, आणि उत्तर यायला वेळ लागतो. अर्ज टाका नक्की, पण तोवर घरी बसू नका. जिल्हा कोर्टात जा, खुल्या कोर्टात मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं.

मी रत्नागिरीत तेच केलं. इथलं विशेष कारागृह म्हटलं की लोकांना सावरकरांची कोठडी आठवते, पण आज आत कोण आहे ते गावात फारसं कोणी विचारत नाही. एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोचा, तुरुंगांवरचा २०२२ चा रिपोर्ट उघडून बघा, देशभरात पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी आणि त्यातले साधारण ७६ टक्के कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. हा रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात जात, शिक्षण, वय सगळ्याचे तक्ते आहेत, पहिला महिना त्यातच घालवलात तरी वाया जात नाही.

आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते सांगते. मिरकरवाड्याच्या, म्हणजे इथल्या मासेमारी बंदरातल्या, ट्रॉलरवर खलाशी येतात ते नेपाळचे, कर्नाटकातले, यूपीचे. असा एखादा पोरगा छोट्या चोरीत किंवा मारामारीत सापडला, कोर्टाने जामीन दिला, १५ हजारांचा, तरी तो आतच. कारण जामीनदार हवा, जामीनदाराचा सातबारा नाहीतर सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) हवी, आणि इथे त्याला ओळखणारा कोण, तर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तो समुद्रात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी लागली की तेही संपलं, होड्या वर ओढलेल्या, सोबतचे गावी गेलेले. त्याच कोर्टात त्याच कलमाखाली आलेला इथला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो, कारण त्याचा चुलतभाऊ सातबारा घेऊन दारात उभा. मला खरंच राग येतो हे लिहिताना. गुन्हा तोच, मग आत कोण राहणार हे जमीन आणि नातेवाईक ठरवतात, आणि समाजशास्त्राच्या माणसाने बघायचं ते हेच.

कायद्यात वाट आहे हे माहीत असू द्या. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन मिळून ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं. बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ पण वाचा, पहिल्यांदाच आरोपी असेल तर (काही अपवाद सोडून) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला जामिनावर सोडायचं. प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव घालता येतं, मानधन थोडं आहे पण अनुभव कुठल्याही इंटर्नशिपपेक्षा भारी.

थिअरी नंतर वाचलीत तरी चालेल, गुन्हा आणि शिक्षेवर लिहिणारे दुर्खाइम आणि फूको हे फ्रेंच विचारवंत दोघंही कोर्ट बघून आल्यावर जास्त कळतात. तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल मात्र लवकर हातात घ्या, कच्च्या कैद्यांबद्दल तेव्हा लिहिलेलं आजही लागू पडतं. आणि ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, जेलमध्ये जात बघून झाडू-संडासाची कामं वाटणं घटनाबाह्य ठरवणारा, तो तर अख्खा वाचा.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, केस चालू असलेल्या माणसाला "केलंस का रे" असं कधीही विचारू नका. वकिलाला असतं तसं संरक्षण संशोधकाला नाही, तुमची वही कोर्ट मागवू शकतं. नावं, गाव, बोटीचं नाव काहीच लिहू नका, तारीखही महिन्यापुरती. घरच्यांशी बोलायचं तर मुलाकातीच्या रांगेत नको, तिथे त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, नंतर एसटी स्टँडवर चहा घेताना बोला, गाडीला वेळ असतो आणि तेव्हा बाया स्वतःहून बोलतात.