चेनसॉ तापतोय? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात शेवटी लावा

चेनसॉ तापू लागला की पहिला सल्ला मिळतो ‘पेट्रोलमध्ये ऑइल वाढव’ आणि दुसरा ‘स्क्रू थोडा फिरव’. या दोन सल्ल्यांपायी चांगली मशीनं कामातून गेलेली मी पाहिली आहेत. आधी नेमकं काय तापतंय ते बघा: बारमधून (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीतून) धूर येतोय, क्लचचं कव्हर चटका देतंय, की इंजिनच दम टाकतंय? तिघांचे उपाय वेगळे. पुढचं सगळं मशीन बंद करून, थंड होऊ देऊन आणि प्लगची कॅप काढून करायचं. जिथे चालू ठेवावं लागतं तिथे तसं सांगतो.

बार तापत असेल तर खाली काय पडतंय ते पाहा. धारदार चेन ढलप्या पाडते. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली आहे, कानस मारा. धार ठीक असेल तर ऑइल बघा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत चेन ऑइलची टाकीही बरीचशी उतरायला हवी. ती भरलेलीच राहत असेल तर बार काढून त्याची खाच आणि ऑइलचं भोक साफ करा.

क्लच तापत असेल तर बहुतेकदा चेन ब्रेक अर्धवट लागलेला असतो, किंवा लाकडात अडकलेल्या चेनवर रेस दिलेली असते. ब्रेक सोडून, हातमोजे घालून चेन हाताने ओढा. ती मोकळी फिरली पाहिजे.

इंजिन तापत असेल तर स्टार्टरचं कव्हर उघडा. फ्लायव्हीलचा पंखा तिथूनच हवा ओढतो आणि सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या उभ्या पात्यांवर, सोडतो. फिन्समध्ये भुसा आणि ऑइल मिळून चिखलासारखे घट्ट बसतात. लाकडी काडीने कोरून काढा. सायलेन्सरची जाळी काजळीने बंद झाली असेल तर तीही साफ करा.

एवढं करूनही इंजिन तापत असेल, तर बहुधा त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, आणि आत थंडावाही त्या पेट्रोलचाच असतो. पेट्रोल कमी पडलं की दोन्ही कमी पडतात. ‘ऑइल वाढव’ हा सल्ला घातक ठरतो तो इथेच. कार्बोरेटरमधून मिश्रण तेवढंच जातं. त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच प्रमाण, मापाने मोजून.

माझं एक मशीन तापलं की ट्रिगर सोडल्यावरही रेस उतरत नसे. मी कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा; उघडला की पेट्रोल वाढतं) पाव फेरा उघडला, ते शांत झालं. काही दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा पाव फेरा. शेवटी ताकदच गेली. सायलेन्सर काढून आत पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. मूळ दोष होता कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीत. तिच्या घडीत एक चीर होती, नळी वाकवल्याशिवाय न दिसणारी. तिथून जादा हवा आत जात होती आणि मी स्क्रूने तो दोष झाकत होतो. त्या पिस्टनची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. थंड मशीनच्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीचं हवेचं छिद्र बंद आहे. मग पेट्रोल फिल्टर बदला. रबरी नळी वाकवून, घडी उलगडून पाहा. प्लग काढा: तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल बहुधा कमी पडतंय. त्यानंतर मशीन चालू करून, चेन ब्रेक लावून, स्लोवर ठेवा आणि टोक वर, टोक खाली, कुशीवर असं हळूहळू फिरवा. रेस ठळकपणे बदलली तर कुठून तरी हवा शिरत असण्याची शंका धरा. नळी शाबूत असेल तर क्रँकच्या सीलवर संशय घ्या आणि मेकॅनिककडून दाब व निर्वात अशी दोन्ही चाचणी करून घ्या. त्याने चाचणी न करता स्क्रूच फिरवायला घेतला तर मशीन परत आणा.

हे सगळं निर्दोष निघालं तरच स्क्रू. एअर फिल्टर आधी धुऊन वाळवा. घाणेरड्या फिल्टरवर केलेली ट्यूनिंग फिल्टर साफ होताच फसते आणि इंजिन पुन्हा तापतं. इंजिन चालू आणि गरम हवं, चेन धारदार हवी. एच स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने एका वेळी फक्त १/८ फेरा उघडा. लाकडाबाहेर पूर्ण रेस दोन-तीन सेकंदच द्या आणि कान द्या: आवाज किंचित फडफडता यावा, आणि लाकडात बार घातला की स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरच तो सणसणीत, एकसुरी येत असेल तर पेट्रोल अजून कमी आहे. टॅकोमीटर (इंजिनचे फेरे मोजणारं उपकरण) असेल तर पुस्तिकेतली कमाल आरपीएम ओलांडू देऊ नका. इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरच्या मशीनला हे स्क्रू नसतात. तिथे काम फिल्टर, नळी आणि सील यांच्यापाशीच संपतं.

जाड ओंडका कापून झाल्यावर मशीन लगेच बंद करू नका. बंद केलं की पंखाही थांबतो आणि सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरकडे चढते. मिनिटभर स्लोवर चालू द्या, मग बंद करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन निवल्यावरच. गरम टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल दाबाने अंगावर उडू शकतं.