संसार भरलेल्या गाडीने बेळगाव सोडताना

दोघंच कारने इंदूर-जयपूरकडे नव्या घरी निघालात आणि मागची सीट पाडून संसार कोंबलात, की गाडी मागून बसते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. निपाणीजवळ तवंदी घाटात रात्री हे लगेच कळतं.

१. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा, टायरमधल्या हवेच्या दाबाचा स्टिकर बघा. पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, मागच्या चाकांना बहुधा जास्त. हवा सकाळीच, टायर थंड असताना भरा. हायवेवर पळवून गरम झालेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो, आणि पंपावरचा पोरगा 'बरोबर आहे' म्हणून सोडून देतो.
२. मिक्सर, कुकर, पुस्तकांची खोकी तळाला, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून. गाद्या वर, पण मागची काच मोकळी राहील एवढ्याच.
३. स्टिअरिंगजवळची दिवे वर-खाली करायची चकती ० वरून २ किंवा ३ वर न्या, म्हणजे झोत खाली येतो.
४. चादर, बल्ब, कुलूप, चहा-साखरेची पिशवी सगळ्यात शेवटी ठेवा; पोचल्यावर आधी तेच लागतं.

गॅस सिलिंडर मात्र डिकीत नको. रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर, म्हणजे नव्या गावात कनेक्शन मिळवायची पावती, घ्या. शेगडी तेवढी न्या.