रिमोटवरचं शंटिंग इंजिन: आधी ब्रेकचा हिशेब, मग बटण

रिमोटच्या इंजिनामुळे शंटर (यार्डात वॅगन हलवणारा-जोडणारा माणूस) कॅबमधून खाली उतरतो आणि वॅगन जिथे भिडते तिथे, स्वतःच्या डोळ्यांसमोर काम करतो. झेंडी, हातवारे, वॉकीटॉकी ही मधली साखळी जाते. इंजिनाचा ब्रेक मात्र पूर्वीइतकाच राहतो. रिमोट हातात आला की पहिल्यांदा विसर पडतो तो याचाच, म्हणून सुरुवात ब्रेकपासून.

किती लांब थांबेल?

समजा, ६० टनी इंजिन २० भरलेले बॉक्सएन (उघड्या मालवाहू वॅगन) ओढतंय. एक वॅगन सुमारे ८० टनांची धरली तर १,६०० टनांचा भार झाला. वॅगनचे होस पाईप (ब्रेकची हवा नेणाऱ्या नळ्या) जोडलेले नाहीत, म्हणजे ब्रेक फक्त इंजिनाचा. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी धरली, तर ब्रेकचा जोर १२ टन. ४०० ला १ असा उतार असेल, तर त्यातले ४ टन उतारच खातो. उरले ८. तेवढ्या जोरावर ताशी १० किमीने चाललेला रेक (जोडलेल्या वॅगनची रांग) थांबायला सुमारे ८० मीटर घेतो. ताशी ५ किमी असेल तर २० मीटर. वेग निम्मा केला की अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं. (चाकांचा रोध यात धरलेला नाही, तो तुमच्या बाजूने शिल्लक राहू द्या. मात्र ब्रेक सिलिंडर भरेपर्यंतच्या तीन-चार सेकंदांत ताशी १० किमीला आणखी ८ ते ११ मीटर जातात, ते धरायलाच हवेत.)

आता पहिला पाऊस पडला आणि रुळावर कोळशाच्या भुकटीचा चिखल झाला. पकड निम्मी झाली की ब्रेकचा जोर ६ टनांवर येतो. उताराचे ४ गेले, राहिले २. तेच ८० मीटर आता ३०० च्या वर जातात. आणीबाणीचं लाल बटण दाबूनही एवढंच होणार, कारण बटण इंजिनाच्या ब्रेकपेक्षा जास्त जोर कुठून आणणार?

म्हणून उतारावर किंवा दहा-बारापेक्षा जास्त भरलेल्या वॅगन असतील, तर होस जोडाच. ब्रेक पाईप ५ किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) हवेने भरा, पुरवठा बंद करून एक मिनिट गेज बघा. पाव किलोपेक्षा जास्त उतरलं तर गळती शोधा: बहुतेक वेळा होसच्या तोंडातलं रबरी वॉशर किंवा अर्धवट बंद राहिलेला शेवटचा अँगल कॉक (पाईपच्या टोकाची तोटी) सापडतो. फ्री टाइम (वॅगन रिकाम्या करायची मोफत मुदत) संपत आला, डेमरेज (उशिराचा दंड) लागणार, म्हणून हीच पायरी गाळली जाते. रेक आल्यावर हँडल ओढून वॅगन ‘रिलीज’ केल्या असतील, तर त्यांच्यात ब्रेक उरलेलाच नसतो, हे तर नक्की ध्यानात ठेवा.

पाळीच्या सुरुवातीची तपासणी

ही तपासणी एकट्या इंजिनावर, सपाट रुळावर, पुढे-मागे कोणी नाही हे पाहून करायची. वेळ लागतो साधारण पंधरा मिनिटं.

१. बॅटरी पूर्ण भरलेली आणि दुसरी खिशात हवी. ट्रान्समीटरवरचा (अंगावर बांधायच्या रिमोटवरचा) क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक मोठ्याने वाचा. एका यार्डात दोन रिमोट इंजिनं असतील, तर चार्जिंगच्या खोलीत संच बदलले जातात, आणि मग तुम्ही इथे लीव्हर ढकलता आणि इंजिन दुसऱ्या रुळावर हलतं.

२. कॅबमध्ये चेंजओव्हर स्विच ‘रिमोट’वर. हँड ब्रेक काढण्याआधी मेन रिझर्व्हायरचा (हवेच्या मुख्य टाकीचा) दाब प्लेटवर दिलेल्या हद्दीत आहे ना, ते पाहा.

३. दिशा. रिमोटवरचं ‘पुढे’ म्हणजे इंजिनाचं पुढे, तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात याच्याशी त्याचा संबंध नाही. इंजिनाच्या दोन्ही टोकांना दोन रंगांचे पट्टे मारा आणि लीव्हरच्या दोन्ही बाजूंना तेच रंग लावा. एका डबीभर रंगात यार्डातली सगळ्यात घातक चूक आटोक्यात येते.

४. अगदी हळू, ताशी ३ किमीच्या आत चालवत चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा. प्रत्येक वेळी इंजिन पूर्ण थांबायला हवं: लाल बटण दाबून, ट्रान्समीटर काढून आडवा करून, दक्षता बटणाला (ठरावीक वेळाने दाबत राहायच्या बटणाला) हात न लावता थांबून, आणि शेवटी ट्रान्समीटरच बंद करून. ही चौथी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण रेडिओ तुटला की इंजिन आपोआप थांबतं या एका गोष्टीवर बाकी सगळी व्यवस्था उभी आहे. एकही चाचणी फसली, तर इंजिन रिमोटवर चालवू नका. कॅबमधून चालवा.

५. भोंगा, दिवे, वाळू. वाळूच्या नळीचं तोंड चाकाजवळ आहे का, आणि बटण दाबल्यावर वाळू रुळावरच पडते का, हे वाकून पाहा. पावसाळ्यात वाळू ओली होऊन नळीत गोळा बसतो.

जोडताना

वॅगनपासून २० मीटर अलीकडे पूर्ण थांबा. नकल (कपलरचा हलणारा जबडा) उघडं आहे ना, दोन्ही कपलर एका रेषेत आहेत ना, ते बघा. उभं राहायचं बाजूला, रुळापासून दूर, जिथून जोड दिसतो. मग रांगत्या वेगाने भिडवा आणि लगेच उलट दिशेने थोडं ओढून जोड पक्का झाला का ते तपासा.

होस जोडायला मध्ये जाण्याआधी तीन गोष्टी, याच क्रमाने: ब्रेक पूर्ण लावलेला, लीव्हर शून्यावर, दिशा मधोमध. पाळीवर दोघे असतील तर मध्ये जाणाऱ्याने ‘मध्ये जातोय’ म्हणायचं, रिमोटवाल्याने ‘तीनही झाले’ म्हणायचं, आणि बाहेर येऊन तो स्वतः बोलेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. एकटेच असाल तर वाकताना ट्रान्समीटर कलतो आणि अलार्म वाजतो. संचावर कल-वेळ (कलल्यावर इंजिन थांबेपर्यंतची मुदत) वाढवण्याचं बटण असेल तर ते वापरा. कल-स्विचवर चिकटपट्टी आणि दक्षता बटणावर रबर बँड, हे दोन उपाय काही यार्डांत दिसतात. शंटर घेरी येऊन पडला तर इंजिन थांबवणारी हीच दोन साधनं आहेत, त्यांना बांधून ठेवू नका.

चालत्या इंजिनावर चढू-उतरू नका. पायरीवर उभं राहून जायचं असेल तर एक हात कायम दांडीला, म्हणजे रिमोट एका हाताने चालवता येईल असाच पट्टा बांधलेला हवा.

इंजिन मध्येच थांबतं तेव्हा

नेहमी त्याच जागी थांबत असेल, तर तिथे रेडिओचा अंधार आहे, म्हणजे सिग्नल पोहोचत नाही. टिप्लरचं (वॅगन उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्राचं) घर, हॉपरखालची जागा, दोन भरलेल्या रेकांमधली गल्ली. अशा जागा यार्डाच्या नकाशावर लाल रेघेने मारून ठेवा आणि तिथे उभं राहण्याची जागा बदला. अँटेना कॅबच्या छतावर सगळ्यात वर हवी, एक्झॉस्टच्या मागे नको.

कुठेही, कसंही थांबत असेल तर आधी बॅटरी बदला, मग अँटेनाच्या केबलचा कनेक्टर उघडून पाहा. कंपनाने तो सैल होतो, आणि पावसात आत पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. कापून नवा लावा, पुसून काम भागत नाही.

ब्रेक सुटला पण इंजिन ओढत नाही? लीव्हर शून्यावर आणून पुन्हा द्या. आणीबाणी ब्रेकनंतर बहुतेक संच ही अट घालतात. तरीही नाही, तर मेन रिझर्व्हायरचा दाब आणि हँड ब्रेकचा इंटरलॉक (ब्रेक लावलेला असताना इंजिन ओढू न देणारी अडवणूक) तपासा.

नवा किंवा परदेशातून जुना संच घेताना त्याची फ्रिक्वेन्सी आधी विचारा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या आत परवान्याविना वापरता येतो. मात्र उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची प्रकार-मान्यता लागते.

पाळी संपताना वॅगनना हँड ब्रेक, उताराकडच्या चाकाखाली पाचर, इंजिनाचा हँड ब्रेक, स्विच ‘लोकल’वर, आणि ट्रान्समीटर त्याच क्रमांकाच्या चार्जरवर. चौथी चाचणी किती वाजता केली, ती वेळ रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहा.