क्यूजीआयएसमध्ये ५०० मीटरचा बफर काढताना सगळा नकाशा रंगतोय? माझा अनुभव

सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्र) पूर्वतपासणीसाठी गुहागर किनाऱ्यावरच्या आमच्या गावचे जमिनीचे कोणते गट भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येतात, ते काढायचं होतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर (रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) काढताना ५०० टाकलं की एक अवाढव्य ठोकळा यायचा आणि सगळे गट बाधित दिसायचे. प्रोजेक्टचा सीआरएस (नकाशाची निर्देशांक-पद्धत) बदलला, 'सेट लेयर सीआरएस' वापरलं, तर गटच नकाशावरून गायब. चार रात्री यात गेल्या.

लेयर (नकाशाचा थर) ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत होता, म्हणजे एकक अंश. ५०० हे मीटर धरलेच जात नव्हते. जमलं ते असं. आधी लेयरला मूळ ४३२६ परत द्या. मग भरतीरेषा आणि गट, दोन्ही लेयर 'एक्स्पोर्ट'मधून 'सेव्ह फीचर्स अ‍ॅज' करून ईपीएसजी ३२६४३ मध्ये नव्याने साठवा (ही यूटीएम ४३ उत्तर या विभागाची, मीटरमध्ये मोजणारी पद्धत; कोकण त्यात येतं). गटांवर 'फिक्स जिओमेट्रीज' (आकारांतल्या चुका दुरुस्त करणारं साधन) चालवा. हे टाळलंत तर पुढे अडतं. आता नव्या भरतीरेषेवर ५०० चा बफर, 'डिझॉल्व्ह' (सगळे तुकडे एकत्र करणं) टिक करून. शेवटी गट आणि बफर यांचं 'इंटरसेक्शन', म्हणजे दोन्हींचा सामाईक भाग.

आठवड्याचं काम अर्ध्या तासात झालं. खाडीकाठाला मात्र हे ५०० लावू नका, तिथलं अंतर वेगळं असतं. आणि परवानगीसाठी मंजूर सीआरझेड नकाशाच धरा, ही फक्त पूर्वतपासणी.